लाइम रोगातील हृदयदाह : तीन अकस्मात मृत्यूंचे प्रकरण

२०१२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एक मोटार रस्ता सोडून कडेला गेली. मदतपथक पोहोचले तेव्हा आतील व्यक्ती निपचित पडलेली होती. अपघातात जीव जावा अशी कोणतीही इजा अंगावर दिसत नव्हती, पण नाडी लागत नव्हती. हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. मृत व्यक्ती वयाने तरुण होती. तरुण माणूस असा अचानक गेला, की हृदयाचा एखादा जन्मजात दोष, अमली पदार्थांचे सेवन किंवा विषाणूंमुळे झालेला हृदयस्नायूंचा दाह अशा काही ठरावीक शक्यता तपासल्या जातात. त्या यादीत गोचिडीचे नाव सहसा नसते.

प्रकरण पुढे सरकले ते ऊतीदानामुळे. दान केलेल्या ऊती ऊतीपेढीत तपासल्या जात असताना तेथील विकृतिशास्त्रज्ञाला हृदयात दाहाच्या खुणा दिसल्या. दाहाचे स्वरूप पाहून नमुने अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांकडे, म्हणजे सर्वांना परिचित असलेल्या सीडीसीकडे, गेले आणि तेथील तपासणीत हृदयाच्या ऊतींमध्ये गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा जीवाणू सापडला. दान झाले नसते, किंवा ऊतीपेढीतील तपासनीसाने हे हृदय रोपणास अयोग्य एवढाच शेरा मारून ते बाजूला ठेवले असते, तर हा मृत्यू लाइम रोगाच्या खाती कधीच जमा झाला नसता.

पुढील वर्षीच्या जुलै महिन्यात आणखी दोन मृत्यू झाले. न्यू यॉर्क राज्यातील एक व्यक्ती छातीत दुखून घरातच कोसळली. कनेक्टिकटमधील दुसरी व्यक्ती न्यू हॅम्पशायर राज्यात गेली असताना कोसळली. मृत्यूनंतरच्या तपासणीत दोघांच्याही हृदयात तोच जीवाणू आढळला. कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर आणि न्यू यॉर्क या चारही राज्यांचे आरोग्य विभाग व सीडीसी यांनी मिळून चौकशी केली आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. मृतांमध्ये एक स्त्री व दोन पुरुष होते आणि त्यांची वये २६ ते ३८ वर्षांच्या दरम्यान होती. जिवंतपणी तिघांपैकी कोणाचेही निदान लाइम असे झालेले नव्हते.

चौकशीत एक नाजूक प्रश्नही होता. निदान होण्यापूर्वीच तिघांपैकी दोघांचे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचे पारदर्शक पडदे, तीन रुग्णांच्या डोळ्यांत बसवले गेले होते. त्या तिघांचा माग काढण्यात आला. रोग त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही.

हृदयात काय दिसले

तिन्ही हृदयांतील चित्र एकमेकांशी जुळणारे होते. दाह एखाद्या ठिपक्यापुरता मर्यादित नव्हता. लसिकापेशी आणि प्लाझ्मापेशी या रोगप्रतिकारक पेशींचे थवे हृदयाच्या आतील अस्तरापासून स्नायूंपर्यंत आणि बाहेरील आवरणापर्यंत विखुरलेले होते, विशेषतः रक्तवाहिन्यांच्या भोवती. रोहिणी तुंबल्यामुळे येणाऱ्या झटक्यात स्नायूंचा एक सलग पट्टा मरतो. येथे तसे नव्हते. स्नायू बहुतांशी शाबूत होता आणि त्याच्या तंतूंमधील मोकळ्या जागेत दाहाच्या पेशी शिरल्या होत्या.

जीवाणू दिसण्यासाठी मात्र वेगळे रंजन, म्हणजे ऊतींना रंग देण्याची वेगळी पद्धत, लागते. बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा मळसूत्राच्या आकाराचा अत्यंत बारीक जीवाणू असून नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंजनात तो नजरेला पडत नाही. वॉर्थिन-स्टारी नावाच्या चांदीच्या रंजनात तो पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या, नागमोडी धाग्यासारखा उठून दिसतो. या प्रकरणात तो तसा दिसला, प्रतिपिंडांच्या साहाय्याने केलेल्या ऊतीरंजनात पुन्हा दिसला आणि जनुकीय चाचणीनेही त्याला दुजोरा मिळाला. पुढे २०१६ मध्ये अशा पाच हृदयांचा जो विकृतिशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे जीवाणू प्रामुख्याने कोलॅजन या ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंलगत आढळले. त्यामागे कारण आहे. कोलॅजनला चिकटून डेकोरिन नावाचे प्रथिन असते आणि या जीवाणूच्या पृष्ठभागावर नेमके त्यालाच धरून ठेवणारी प्रथिने असतात. सांधे, त्वचा आणि हृदय ही तिन्ही ठिकाणे या जीवाणूला का मानवतात, याचे निदान अर्धे उत्तर तरी यात मिळते.

रोग आणि त्याचा हंगाम

लाइम हे कनेक्टिकटमधील एका गावाचे नाव. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्या परिसरातील मुलांमध्ये सांधे सुजण्याचे प्रमाण संशय यावा इतके वाढले आणि येल विद्यापीठातील ॲलन स्टिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध घेतला. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटात तो जीवाणू दाखवून दिला. ईशान्य अमेरिकेत रोग पसरवणारी गोचीड काळ्या पायांची असते. तिला हरणावरची गोचीड असेही म्हणतात, मात्र जीवाणू तिला मिळतो तो हरणाकडून नव्हे, तर उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांकडून. हरीण मुख्यतः प्रौढ गोचिडींना पोसते. माणसाला सर्वाधिक धोका असतो तो अर्धवट वाढलेल्या गोचिडीपासून. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, तिचा चावा दुखत नाही, आणि काखेत, जांघेत, गुडघ्यामागे किंवा केसांत ती काही दिवस निवांत रक्त पीत राहते. बहुधा चोवीस तासांहून अधिक काळ ती चिकटून राहिली तरच जीवाणू माणसाच्या शरीरात उतरतो. या अवस्थेतील गोचिडींचा सुळसुळाट मे ते जुलै या महिन्यांत असतो. प्रौढ गोचिडी शरद ऋतूत पुन्हा डोके वर काढतात. तीन मृत्यूंपैकी दोन जुलैमधले आणि एक नोव्हेंबरमधला, हे या पार्श्वभूमीवर पाहावे.

चावल्यानंतर काही दिवसांनी त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उमटतो, ही या रोगाची सर्वांना ठाऊक असलेली खूण. पण तो प्रत्येकाला उमटत नाही आणि पाठीवर उमटला तर कित्येकदा ज्याचा त्यालाच दिसत नाही. हृदयाचा त्रास सुरू होतो तो साधारणतः संसर्गानंतर एक-दोन महिन्यांनी, म्हणजे चट्टा विरून गेल्यावर आणि चावा विस्मरणात गेल्यावर.

नोंद झालेल्या लाइम रुग्णांपैकी सुमारे १ टक्का रुग्णांत हृदयाला बाधा झाल्याचे आढळते. त्यातही मृत्यू फार विरळा. सीडीसीच्या नोंदीनुसार १९८५ ते २०१९ या काळात जगभरातून लाइम हृदयदाहाने झालेल्या ११ मृत्यूंची माहिती प्रसिद्ध झाली. हे आकडे पाहून कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीचा ऊहापोह कशाला. त्याचे उत्तर आकड्यांत नाही. हा हृदयदाह प्रतिजैविकांनी पूर्ण बरा होतो, आणि बरे होणाऱ्या आजाराने तिशीतला माणूस जाणे ही बाब आकडा लहान असला तरी तपासण्याजोगी ठरते.

हृदय थांबते ते कसे

लाइम हृदयदाहात स्नायू दुर्बल होऊन हृदय हळूहळू थकत जाणे हा प्रकार क्वचित घडतो. घाला पडतो तो प्रामुख्याने विद्युतवहनावर. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, उमटलेला विद्युतसंदेश ए.व्ही. नोड नावाच्या एकाच नाक्यातून खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, उतरतो. दाह या नाक्यापाशी झाला की संदेश रखडतो. पुढे काही संदेश गळतात, आणि अखेरीस वरचा व खालचा भाग एकमेकांशी संबंध तुटल्यासारखे आपापल्या गतीने चालू लागतात. त्यालाच संपूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. अशा वेळी निलयांनी स्वतःची संथ गती धरली तर माणूस तगतो. तीही लागली नाही, तर काही सेकंदांत शुद्ध हरपते.

ईसीजीच्या कागदावर हे सारे मोजता येते. कागद नेहमीच्या गतीने, सेकंदाला २५ मिलिमीटर, सरकत असताना एक लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. अलिंदांच्या पी लाटेच्या आरंभापासून निलयांच्या उंच लाटेच्या आरंभापर्यंतचे अंतर, ज्याला पीआर अंतर म्हणतात, ते निरोगी माणसात तीन ते पाच लहान चौकोनांचे असते. ते पाचांच्या पुढे गेले की पहिल्या दर्जाचा ब्लॉक झाला असे म्हणतात. एरवी हा ब्लॉक फारसा गांभीर्याने घेतला जात नाही आणि खेळाडूंमध्ये तर तो सहज आढळतो. लाइममध्ये मात्र हे अंतर ३०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे साडेसात चौकोनांच्या, पलीकडे गेले की रुग्णाला घरी सोडता येत नाही, कारण येथून संपूर्ण ब्लॉकपर्यंतचा प्रवास तासांत आणि कधी कधी मिनिटांतही होतो. स्टिअर यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा २० रुग्णांची जी मालिका प्रसिद्ध केली, तीतील १८ जणांत ब्लॉकची पातळी सतत वरखाली होत होती आणि ८ जणांत तो संपूर्ण ब्लॉकपर्यंत पोहोचला होता.

हे वरखाली होणे हाच या रोगाचा खरा धोका आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुपारी चक्कर आलेला माणूस सायंकाळी दवाखान्यात पोहोचतो तेव्हा त्याची नाडी ठीक असते, रक्तदाब ठीक असतो, ईसीजीतही एखादा चौकोन जास्त यापलीकडे काही नसते. म्हातारपणी झिजलेल्या वहनव्यवस्थेचा ब्लॉक सहसा असा तासातासाला रंग बदलत नाही.

हाताशी असलेली दुसरी कारणे

या तिन्ही मृत्यूंना जोडणारा धागा जीवाणूखेरीज आणखी एक आहे. प्रत्येक वेळी दुसरे एक कारण आयते हाताशी होते. पहिल्या घटनेत मोटार रस्त्यावरून उतरली होती, तेव्हा अपघात हे कारण समोरच उभे होते. न्यू यॉर्कमधील व्यक्तीला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट हा विद्युतवहनाचा जन्मजात दोष असल्याची नोंद आधीपासून होती. त्या दोषात अचानक मृत्यू होऊ शकतो हे प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाला ठाऊक असते, त्यामुळे त्यापुढे शोध घेण्याची निकड एरवी कोणाला वाटली नसती. कनेक्टिकटमधील व्यक्तीला काही दिवस मधूनमधून दम लागत होता आणि जीव घाबराघुबरा होत होता. मृत्यूच्या थोडेच आधी ती डॉक्टरांकडे गेली होती आणि तिला चिंतेवरचे औषध देण्यात आले होते.

या शेवटच्या गोष्टीवरून त्या डॉक्टरांना बोल लावणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. तरुण वय, येऊन-जाऊन असणारी धाप आणि अस्वस्थता या तक्रारी घेऊन येणाऱ्या शंभर जणांपैकी बहुतेकांना चिंतेचाच त्रास असतो. शिवाय हृदयाची गती अचानक निम्म्यावर आली तर माणसाला जी भीती दाटून येते, ती चिंतेच्या झटक्याहून वेगळी ओळखणे त्याला स्वतःलाही जमत नाही. त्या बैठकीत कमी पडणारी गोष्ट डॉक्टरांचे ज्ञान ही नसून दोन प्रश्न होते : गेल्या दोन महिन्यांत अंगमोड, ताप किंवा सांधेदुखी झाली होती का, आणि घराभोवती झाडी आहे का. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील राज्यांत, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थीच येते. त्यामुळे स्थानिक डॉक्टर तो विचारण्याचे सोडून देतात, अशी शंका येते.

ओळखले असते तर

पुढच्या काही वर्षांत कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील किंग्स्टन येथे, क्वीन्स विद्यापीठातील एड्रियन बारानचुक यांच्या गटाने, मोठ्या दर्जाचा ब्लॉक असलेल्या रुग्णात लाइमचा संशय किती धरावा यासाठी एक गुणपत्रक तयार केले. अंगावर लाइमचा चट्टा असल्यास ४ गुण, गोचीड चावल्याचे आठवत असल्यास ३, ताप-थकवा-अंगदुखी यांसाठी २, आणि झाडीत वावर अथवा रोगग्रस्त भागात वास्तव्य, पुरुष असणे व पन्नाशीच्या आतले वय यांसाठी प्रत्येकी १. बेरीज २ पर्यंत असल्यास संशय कमी, ३ ते ६ मध्यम, आणि ७ व त्यापुढे जास्त. चट्टा नाही, चावा आठवत नाही, पण रोगग्रस्त भागात राहतो आणि दोन आठवडे अंग मोडून येत होते, असा पस्तिशीचा पुरुष या हिशेबाने ५ गुणांवर पोहोचतो. मध्यम संशय असला तरी रक्ताचा नमुना पाठवून, त्याच्या निकालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असे हा गट सांगतो.

उपचारही आवाक्यातले आहेत. रुग्णाला सतत ईसीजी दिसत राहील अशा विभागात दाखल करायचे आणि सेफ्ट्रिॲक्झोन हे प्रतिजैविक, सहसा रोज २ ग्रॅम, शिरेतून सुरू करायचे. वहन सुधारले की उरलेले दिवस डॉक्सिसायक्लिनसारखे तोंडावाटे घेण्याचे औषध द्यायचे. सगळे मिळून १४ ते २१ दिवस. संपूर्ण ब्लॉक बहुधा आठवड्याभरात सुटू लागतो. पीआर अंतर पूर्ववत होण्यास मात्र काही आठवडे लागू शकतात.

या मधल्या काळात हृदयाला आधार लागला तर तात्पुरता पेसमेकर वापरायचा, कायमचा नव्हे. अमेरिकेतील संसर्गरोग, मज्जासंस्थेचे विकार आणि संधिवात या तीन शाखांच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्रितपणे दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले आहे. तरीही घाईने कायमचा पेसमेकर बसवल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात. दोन आठवड्यांत सुटणाऱ्या ब्लॉकसाठी तिशीतल्या माणसाच्या छातीत यंत्र बसवायचे म्हणजे त्याला जन्मभर दर काही वर्षांनी यंत्र बदलण्याच्या शस्त्रक्रियेला आणि शिरेतल्या तारेच्या जंतुसंसर्गाच्या जोखमीला बांधून टाकायचे. एरवी संपूर्ण ब्लॉक दिसला की पेसमेकर हा हृदयरोगतज्ज्ञांचा इतका अंगवळणी पडलेला निर्णय आहे, की येथे थांबण्यासाठी जाणीवपूर्वक हात आवरावा लागतो.

मराठी कुटुंबांच्या संदर्भात

लाइम हा महाराष्ट्रातला नित्याचा रोग नव्हे. गोचिडीचा आजार म्हटला की सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आठवतो. तो विषाणूंचा आजार असल्याने त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत आणि त्याची गोचीडही वेगळ्या जातीची असते. या दोहोंची गल्लत होऊ नये.

तरीही न्यू जर्सी, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत मराठी वस्ती मोठी आहे, आणि मुलांकडे जाणारे आईवडील बहुधा तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे मे-जूनच्या सुमारास जातात आणि ऑक्टोबरपूर्वी परततात. खसखशीएवढ्या गोचिडींचा हंगाम तोच. घरामागच्या हिरवळीवर नातवंडांशी खेळणे, संध्याकाळी झाडीच्या कडेने फेरफटका मारणे, परसातल्या वाफ्यांत मेथी-मिरच्या लावणे या सगळ्यात गोचीड अंगावर येऊ शकते. संसर्ग आणि हृदयाचा त्रास यांत एक-दोन महिन्यांचे अंतर असल्यामुळे चावा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आणि चक्कर पुण्यात, असे घडणे अगदी शक्य आहे.

तिथे चौथे आयते कारण वाट पाहत असते : वय. अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना घेरी आली, ईसीजीत संपूर्ण ब्लॉक दिसला, तर त्याचा अर्थ वहनव्यवस्थेची वयपरत्वे झालेली झीज असा लावला जातो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. वरच्या गुणपत्रकात असे गृहस्थ काही न विचारता केवळ पुरुष म्हणून १ गुण मिळवतात, म्हणजे संशय कमी. ते तीन आठवड्यांपूर्वी न्यू जर्सीहून आले आहेत आणि येण्याच्या सुमारास त्यांना कणकण व अंगदुखी होती, एवढे कळले की तीच बेरीज ४ होते. पन्नाशीच्या आतल्या वयाचा एक गुण न मिळूनही ते मध्यम गटात जातात. मग तात्पुरत्या पेसमेकरची तार टाकून सेफ्ट्रिॲक्झोन सुरू करणे आणि प्रतिपिंडांची चाचणी पाठवणे योग्य ठरते. दिवसातून एक ईसीजी काढून चालत नाही, वहनाची पट्टी सतत नजरेसमोर हवी.

प्रतिपिंडांची चाचणी दोन पायऱ्यांची असते. संसर्गानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती नकारार्थी येऊ शकते, परंतु हृदयाचा त्रास उद्भवेपर्यंत बहुतेक रुग्णांत ती होकारार्थी आलेली असते, त्यामुळे या टप्प्यावरील नकारार्थी निकालाला वजन आहे. तसा निकाल आला आणि ब्लॉकही जागचा हलला नाही, तर कायमच्या पेसमेकरचा निर्णय घ्यायला हरकत नाही. ब्लॉक पायरीपायरीने उतरू लागला, आधी सगळे संदेश पोहोचू लागले आणि मग पीआर अंतर ३०० च्या आत आले, तर तार काढावी. घरी पाठवण्यापूर्वी ट्रेडमिलवर चालवून वाढत्या गतीलाही ए.व्ही. नोड साथ देतो की नाही हे पाहावे, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा ईसीजी काढून पीआरचे चौकोन मोजावेत.